गीथोर्नला दोन तास पुरत नाहीत

प्रति,
महाराष्ट्रातून युरोपच्या सहली काढणाऱ्या सर्व पर्यटन कंपन्या, त्या सहलींचे कार्यक्रम आखणारे आणि कोचमध्ये माइक हातात घेणारे सर्व टूर मॅनेजर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी गेली बारा वर्षं नेदरलँड्समध्ये झ्वोल या शहरात राहते. तुम्ही आपल्या लोकांना ‘कालव्यांचं गाव’ म्हणून जे गीथोर्न दाखवायला आणता, ते माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर आहे. इथली माणसं त्याचं नाव घेताना सुरुवातीचा ‘ग’ घशातून ‘ख’सारखा काढतात, पण आपण सगळे गीथोर्नच म्हणतो, म्हणून मीही तेच लिहिते. या गावात मी कितीदा गेले त्याची मोजदाद नाही. पण कोचमधून, गटाबरोबर, एक दिवसाच्या सहलीला मी एकदाच गेले, आणि हे पत्र त्या दिवसामुळे लिहिते आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात माझी आई तिच्या मैत्रिणींबरोबर तुमच्यापैकीच एका कंपनीच्या युरोप सहलीला आली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार एकट्या त्या कंपनीची नाही. आम्स्टरडॅमचा मुक्काम होता त्या दिवशी मीही पैसे भरून त्यांच्या कोचमध्ये बसले. आई पंचाहत्तर वर्षांची आहे. तिच्यासोबत दिवसभर राहता येईल, एवढाच हेतू होता.

त्या दिवसाचा हिशोब आधी मांडते. साडेआठची वेळ दिली होती, कोच निघाला नऊला. अकराला पाच मिनिटं कमी असताना आम्ही गीथोर्नच्या पार्किंगला उतरलो. एकेचाळीस माणसं, त्यांत बहुतेक साठीच्या पुढची, त्यामुळे स्वच्छतागृहाच्या रांगेत पंचवीस मिनिटं गेली. त्यानंतर बोट सुमारे पन्नास मिनिटं. मग ‘पाऊण तास मोकळा वेळ, बरोब्बर एक वाजता कोचपाशी’ अशी सूचना. एक वाजता हेडकाउंट झाला आणि आम्ही निघालो. वाटेत चीज आणि लाकडी बूट विकणाऱ्या एका ठिकाणी थांबलो, तिथे एक तास चाळीस मिनिटं. म्हणजे ज्या गावासाठी येऊन-जाऊन चार तास बसून प्रवास केला, त्या गावात प्रत्यक्ष पायी फिरायला मिळाली पंचेचाळीस मिनिटं, आणि दुकानात त्याच्या दुपटीहून जास्त वेळ. दुकानात थांबू नका असं मी म्हणत नाही. नातवंडांना काहीतरी न्यायचंच असतं, आईनेही दोन चुंबक घेतले. वेळेची वाटणी चुकली आहे, एवढंच म्हणते.

पण खरी गोष्ट त्याआधीची आहे, बोटीतली. आमची बोट गावातल्या मुख्य कालव्यातून जात होती. दोन्ही बाजूंना गवताने शाकारलेली घरं, प्रत्येक घर आपापल्या इवल्याशा बेटावर, आणि बेटावर जायला एकेक लाकडी पूल. ध्वनिफितीवर इंग्रजीतून माहिती चालू होती. बोटीतल्या गलक्यात ती कुणाला ऐकू येत नव्हती, आणि आली असती तरी आईला इंग्रजी कळत नाही. आईने एक पूल येऊन मागे जाताना पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा पाहिला आणि मला विचारलं, “अगं, पण हे पाणी एवढं सरळ रेषेत आलं कुठून? नदी तर दिसत नाही. हे खणलंय कुणी, आणि कशाला?”

मला उत्तर ठाऊक होतं, पण तेवढ्यात बोट सरोवरात शिरली, वारा सुटला, सगळे उठून फोटो काढायला लागले आणि बोलणं राहून गेलं. आमच्या टूर मॅनेजरला एका काकांनी जवळजवळ हाच प्रश्न विचारला. तो मुलगा मनाने अतिशय चांगला, सगळ्यांची औषधं लक्षात ठेवणारा. तो म्हणाला, “काका, हे नॉर्थचं व्हेनिस आहे ना, म्हणून.” यात त्याचा दोष मी धरत नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बारा दिवसांत सात देश सांभाळणाऱ्या मुलाने आणखी काय काय वाचायचं? ही माहिती त्याच्या हातात तुम्ही द्यायला हवी होती.

म्हणून आईचा प्रश्न इथे पुन्हा घेते आणि सविस्तर उत्तर देते. हवं तर हा भाग जसाच्या तसा छापून तुमच्या मॅनेजरना द्या.

गीथोर्नचं पाणी इंधनातून आलं आहे. हा सगळा भाग दलदलीचा होता आणि त्या दलदलीत हजारो वर्षं कुजलेल्या वनस्पतींचे जाड थर साचले होते. हे थर म्हणजे पीट. वाळवलं की पीट जळतं. लाकूड कमी असलेल्या या देशात शहरांतल्या चुली आणि शेगड्या कित्येक शतकं याच पीटवर पेटल्या. गीथोर्नची माणसं ती माती पाण्याखालून उपसायची. लांब दांड्याला लोखंडी कडी आणि कडीला जाळी, अशा झाऱ्यासारख्या अवजाराने चिखल वर ओढायचा, बाजूला राखून ठेवलेल्या जमिनीच्या लांबट पट्टीवर पसरायचा, तुडवून घट्ट करायचा, वाळत आला की विटांसारखा कापायचा आणि रचायचा. ओढून काढलं तिथे पाण्याचा चर राहिला, वाळवलं तिथे जमिनीची पट्टी राहिली. शेजारच्या राष्ट्रीय उद्यानाच्या वेररिबन या नावातच ही जोडी आहे: ‘वेर’ म्हणजे खणलेला चर, ‘रिब’ म्हणजे मधली पट्टी. तयार माल बोटींतून न्यायचा म्हणून कालवे खणले. ब्लोकझाइल हे जवळचंच जुनं बंदर, तिथून पीट पुढे शहरांकडे जायचं. आज आपण ज्या पाण्यावर फोटो काढतो ते कालवे म्हणजे या मालाचे रस्ते होते.

आणि लोभही झाला. चर जास्त रुंद खणले, मधल्या पट्ट्या अरुंद ठेवल्या. वादळं आली तेव्हा त्या पट्ट्या लाटांपुढे टिकल्या नाहीत, चराला चर मिळत गेला आणि मोठी सरोवरं तयार झाली. बोट ज्या बोव्हनवाइड सरोवरात फेरी मारते तेही मुळात खणून काढलेलं रान आहे. जवळच ब्यूलाके नावाचं गाव होतं. १७७६ च्या पुरानंतर ते उरलं नाही. त्या जागी आज ब्यूलाकरवाइड नावाचं सरोवर आहे आणि उन्हाळ्यात तिथे शिडाच्या होड्या फिरतात.

एवढं सांगायला चार मिनिटं लागतात. बोटीत बसण्याआधी, पार्किंगमध्ये, रांगेत उभं असतानाही सांगता येतं.

आता कोचमधल्या त्या दोन तासांबद्दल. आमच्या कोचमध्ये जाताना हाउजी झाली, मग अंताक्षरी. मलाही अंताक्षरी आवडते, आईचा आवाज अजून चांगला लागतो, आणि परदेशात चाळीस मराठी माणसं एका सुरात गातात तेव्हा मला भरून येतं. पण खिडकीबाहेर काय चाललं होतं ते माइकवरून एकदाही कुणी सांगितलं नाही.

आम्स्टरडॅमहून गीथोर्नला जाणारा तुमचा कोच बहुतेक वेळा ए-सहा महामार्गाने जातो. आल्मेरे शहर लागलं की तुम्ही समुद्राच्या तळावरून चालला असता. शब्दशः तळावरून, समुद्रसपाटीच्या तीन-चार मीटर खाली. इथे झाउडरझे नावाचा उथळ समुद्र होता. त्याच्या पुरांनी किनाऱ्यावरची गावं वारंवार बुडवली. १८२५ च्या पुरात गीथोर्नच्या ओव्हरआइसल प्रांतात फार माणसं गेली. कोर्नेलिस लेली नावाच्या अभियंत्याने १८९१ मध्ये या समुद्राचं तोंड बांध घालून बंद करण्याची योजना मांडली. ती बरीच वर्षं कागदावर राहिली. १९१६ मध्ये पुन्हा मोठा पूर आला, १९१८ मध्ये कायदा झाला आणि १९३२ मध्ये ३२ किलोमीटर लांबीचा आफ्स्लाउटडाइक हा बांध पुरा झाला. समुद्राचं गोड्या पाण्याचं सरोवर झालं आणि मग त्यातले तुकडे एकेक करून कोरडे केले. कोच जसा पुढे जातो तशी जमीन वयाने वाढत जाते: आल्मेरेची १९६८ ची, लेलीस्टाडची १९५७ ची (हे शहर त्याच लेलीच्या नावाचं), आणि केटलब्रुख हा मोठा पूल ओलांडला की १९४२ ची. पुलानंतर डावीकडे उर्क, उजवीकडे आत शोकलँड. दोन्ही एकेकाळची बेटं, आज शेतांच्या मधोमध. शोकलँड तर समुद्राने इतकं कुरतडलं होतं की १८५९ मध्ये सरकारने तिथल्या सगळ्या माणसांना हलवलं. आज ते जागतिक वारसा यादीत आहे. यानंतर नवी जमीन संपते, रस्ता जुन्या किनाऱ्यावर चढतो, झाडं आणि घरं एकदम जुनी दिसू लागतात. आणि मग गीथोर्न.

हे मी परतीच्या वाटेवर आईला कानात सांगत होते. आईचं माहेर पेणजवळच्या खारेपाटातलं. तिच्या वडिलांनी आयुष्यभर खाडीचे बांध राखले. भरतीच्या रात्री कंदील घेऊन बांधावर फिरायचं, खेकड्याने पाडलेलं भोक दिसलं की तिथल्या तिथे चिखल थापायचा, उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, झापं नीट बसली आहेत का पाहायचं, हे तिने लहानपणी पाहिलेलं आहे. बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं की भात पुढची काही वर्षं येत नाही हे तिला कुणी समजावून द्यावं लागत नाही. मी आफ्स्लाउटडाइकचं सांगितलं तशी ती सरसावून बसली. “बत्तीस किलोमीटर? मग याची उघाडी कुठेय?” मी म्हटलं, दोन्ही टोकांकडे दारं आहेत, ओहोटीला जास्तीचं पाणी समुद्रात सोडतात. ती बराच वेळ खिडकीतून बघत राहिली. मग म्हणाली, “हे जाताना का नाही सांगितलं कुणी? मी हाउजीचे आकडे कापत बसले.”

तुमच्या कोचमध्ये अशी माणसं बसलेली असतात, हे कृपया लक्षात घ्या. शेतकऱ्यांच्या मुली, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काका, साखर कारखान्यातले फिटर, कोळीवाड्यातल्या मावशी. पाणी, बांध, माती, होडी यांतलं त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना ‘सुंदर गाव’ दाखवून तुम्ही थांबता, आणि ते गाव ज्या कष्टांतून उभं राहिलं ते दाखवत नाही. तेच तर त्यांना सगळ्यांत जवळचं वाटलं असतं.

आई त्यानंतर माझ्याकडे राहिली. जूनमध्ये मी तिला पुन्हा गीथोर्नला नेलं, यावेळी आगगाडीने स्टीनवाइकपर्यंत आणि तिथून बसने. दुपारी तीननंतर पोचलो. पाचच्या सुमारास पार्किंगमधले कोच एकेक करून निघाले आणि साडेसहापर्यंत गाव बदलून गेलं. कालव्यावरचा कलकलाट संपला. कुणीतरी दारात बटाटे सोलत बसलं होतं. एक मुलगा पुलाखाली गळ टाकून बसला. वाऱ्यावर लव्हाळ्यांचा आवाज येत होता, तो दुपारी ऐकूच येत नाही.

एका घरापुढे सत्तरीच्या पुढचे एक आजोबा आपली पुंटर धूत होते. पुंटर म्हणजे इथली जुनी लाकडी होडी: अरुंद, तळ सपाट, दोन्ही टोकं वर निमुळती. पाणी मीटरभरच खोल, त्यामुळे वल्ही नाहीत. लांब बांबूसारखा दांडा तळाला रोवायचा आणि रेटा द्यायचा. आई त्यांच्याकडे इतकी टक लावून बघत होती की त्यांनी हसून दांडा तिच्या हातात दिला. तिने तो आधी हातात तोलला, टोक पाहिलं. टोकाला दुबेळकं होतं, चिखलात रुतू नये म्हणून. आणि मला म्हणाली, “विचार त्यांना, गुरंसुद्धा यातूनच न्यायचे का.” हो, म्हणाले. गुरं, गवत, पीट, नवरी आणि मयत, सगळं यातून. पूल एवढे उंच आणि कमानदार का, तर गवताने भरलेली होडी खालून जायला हवी म्हणून. गावात असे पावणेदोनशेच्या आसपास पूल आहेत. मे महिन्यात त्याच पुलांवर उभं राहून आम्ही फोटो काढले होते, आणि त्यांची उंची कुणाच्या मनात आली नव्हती.

आजोबांनी पीट कसं काढायचे ते हातवारे करून दाखवलं. मी मराठीत सांगत गेले. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे आम्ही जमिनीत पाणी शिरू नये म्हणून जीव काढायचो, आणि यांनी जमीनच उपसून जाळली?” मी हे आजोबांना डचमध्ये सांगितलं. ते काही वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, थंडी फार होती आणि पोटही होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. भाषा येत नसलेल्या दोन म्हाताऱ्या माणसांचं ते बोलणं मला कधी विसरता येणार नाही.

असं प्रत्येकाला मिळेल अशी हमी कुणी देऊ शकत नाही, कबूल. पण पंचेचाळीस मिनिटांत ते मिळण्याची शक्यताच उरत नाही.

आता एक अवघड गोष्ट. मे महिन्यातल्या त्या मोकळ्या वेळात आमच्या गटातले दोघंजण एका घराच्या पुलावरून सरळ आत गेले आणि दाराशी उभं राहून फोटो काढू लागले. अंगणात एक बाई गुडघ्यांवर बसून हायड्रेंजियाच्या वाफ्यातलं तण काढत होती. ती उठली, मातीचे हातमोजे काढले, एक शब्दही न बोलता आत गेली आणि दार लावून घेतलं. फाटकावर पाटी होती: ‘फरबोडन टूखांग’, म्हणजे प्रवेश बंद. ती पाटी आपल्या माणसांना वाचता आली नाही, आणि त्यांना वाटलं की सगळं गावच दाखवण्यासाठी ठेवलेलं आहे. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. मी नंतर सांगितल्यावर दोघंही ओशाळले, काकूंच्या तर डोळ्यांत पाणी आलं. माणसं अशी असताना त्यांच्यावर ही वेळ आपण का आणायची? कोचमधून उतरण्याआधी एक वाक्य पुरतं: इथे अडीच हजारांहून जास्त माणसं राहतात, काठाकाठाने जाणारा रस्ता सगळ्यांचा आहे, पण घराकडे जाणारा पूल त्या घराचा आहे.

ही काळजी शिष्टाचारापुरती नाही. आम्स्टरडॅमने २०२४ पासून साडेसात टनांवरच्या कोचना शहराच्या मध्यभागात मज्जाव केला आहे, ते तुम्ही रोज अनुभवता. गर्दीला कंटाळलेलं गावही एक दिवस तेच करू शकतं. वर्षाला लाखो पाहुणे आणि अरुंद पायवाट, तिथल्या माणसांनी किती सोसायचं?

वेळेचं काय करता येईल तेही सांगते, कारण नुसती तक्रार करून उपयोग नाही. ‘ड्रायव्हरचे तास संपतात’ हे उत्तर मला माहीत आहे. युरोपात ड्रायव्हरने साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास थांबायचं, आणि दिवसाचं चालवणं साधारण नऊ तासांत बसवायचं, हा नियम कडक आहे आणि असायलाच हवा. पण आम्स्टरडॅम ते गीथोर्न सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. जाऊन-येऊन चार तासांचं चालवणं. अडचण ड्रायव्हरच्या तासांची नसून त्याच दिवसात आणखी दोन ठिकाणं कोंबण्याची आहे.

माझी सूचना अशी की दिवस उलटा करा. सकाळी दुकान, पवनचक्क्या, जे काही असेल ते उरका आणि गीथोर्नला तीनच्या सुमारास पोचा. मे-जूनमध्ये इथे रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो. अकरा ते चार ही गावातली सगळ्यांत दाटीची वेळ, ती तुम्ही बरीचशी टाळाल. बोटीला रांग कमी, पुलांवर धक्काबुक्की नाही. साडेसातला निघालात तरी साडेनऊला हॉटेलात. रात्रीचं भारतीय जेवण ठरलेल्या वेळेला हवं असतं, हे मला ठाऊक आहे. त्या एका दिवशी डबे बरोबर घ्या. आपल्या माणसांना पोळीभाजी कालव्याकाठच्या बाकावर बसून खायला काही वाईट वाटणार नाही, फक्त कागद आणि डबे परत कोचमध्ये आणायचे.

वयस्कर मंडळींसाठी काही बारीकसारीक. कोच गावात शिरत नाही, पार्किंगपासून बोटीपर्यंत चालावं लागतं, हे आदल्या रात्रीच सांगा. पूल चढाचे आहेत आणि फळ्या ओल्या असल्या की पाय सरकतो. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना पूल न ओलांडता काठाने किती जाता येतं ते आधी पाहून ठेवा. व्हीलचेअर त्या पुलांवर चढत नाही, खोटी आशा दाखवू नका. सरोवरात वारा झोंबतो, जॅकेट कोचमध्ये ठेवून कुणाला बोटीत बसू देऊ नका, आमच्या बोटीत तीन जणी कुडकुडत होत्या. आणि स्वच्छतागृहासाठी सुटे पैसे, नाहीतर कार्ड, मॅनेजरच्या हाताशी असू द्या. वाटेवरच्या थांब्यावरच सगळ्यांना जाऊ दिलं तर गावातली पंचवीस मिनिटं वाचतात.

आणखी एक मागणं आहे. शक्य असेल तर मोठ्या बंद बोटीऐवजी गटाचे तुकडे करून लहान बोटी घ्या. विजेवर चालणाऱ्या छोट्या बोटींना इथे ‘कुजबुजणाऱ्या बोटी’ म्हणतात, कारण त्यांचा आवाज जवळजवळ होत नाही. चालवायला परवाना लागत नाही. सहा-सात जणांत एक धीट माणूस असतोच. हे जास्त खर्चाचं आणि जास्त व्यवस्थेचं काम आहे, मान्य. पण लहान बोटीत माणूस पाण्याच्या पातळीवर बसतो, हात खाली केला तर पाण्याला लागतो. लव्हाळी डोळ्यांच्या रेषेत येतात. ती लव्हाळी हिवाळ्यात कापतात, जुड्या बांधतात आणि घरांवर शाकारतात. ती कापलीच नाहीत तर तिथे हळूहळू झाडं उगवतात आणि दलदलीचं रान होतं. म्हणजे हे निसर्गदृश्यही माणसाच्या कोयत्यावरच टिकून आहे. देशातून १९८८ च्या सुमारास नाहीसं झालेलं पाणमांजर २००२ मध्ये इथल्याच पाण्यात पुन्हा सोडलं. आम्हाला ते दिसलं नाही, पण आई जूनमधल्या त्या संध्याकाळी प्रत्येक बुडबुड्याकडे बघत होती.

तुम्ही आमच्या आईवडिलांसाठी जे करता त्याची मला जाणीव आहे. व्हिसाचे कागद, वेळच्या वेळी जेवण, हरवलेला चष्मा शोधणं, रात्री दोनला डॉक्टरला फोन करणं. तुमच्याशिवाय माझी आई या वयात सात देश बघू शकली नसती, आणि तिच्या अनेक मैत्रिणी तर घराबाहेरच पडल्या नसत्या. म्हणूनच तुमच्याकडे मागते आहे. ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांच्याकडेच माणूस मागतो.

तुमच्यापैकी कुणाला मॅनेजरसाठी मराठीतून टिपण हवं असेल, तर मी ते विनामूल्य लिहून देईन. कुणाचा कोच शनिवारी येणार असेल तर मी स्वतः आम्स्टरडॅमला येऊन त्यात बसेन आणि आल्मेरेपासून गीथोर्नपर्यंत माइकवर बोलेन. परतीला अंताक्षरी खुशाल होऊ द्या, मीही गाईन.

येत्या मे महिन्यात आईच्या भिशीतल्या अकरा जणी येत आहेत. आईने त्यांना फोनवर पीट म्हणजे काय ते समजावून सांगितलं आहे, उघाडीचं सांगितलं आहे, आणि पुंटरवाले आजोबा कुठल्या पुलापाशी भेटतात तेही. त्यांचा छापील कार्यक्रम तिने मला व्हॉट्सअॅपवर पाठवला. त्यात गीथोर्नपुढे ‘२ तास, बोट फेरीसह’ असं लिहिलं आहे. सहल निघायला अजून अवकाश आहे. तो आकडा तेवढा बदला.

आपली नम्र,
झ्वोल येथे राहणारी, खारेपाटाची एक नात